सैंधव म्हणजे मीठ नव्हे

सूज पहिल्यांदा डोळ्यांखाली आली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, मी रडले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाल्या, "काय गं सारजा, भांडलात का काय दोघं?" आमच्या ह्यांनी लगेच हात झटकले, "म्या काय बी बोललो न्हाय." मी म्हटलं, मी रडलेच नाही. कुणाला पटलं नाही. आमच्या निमगाव केतकीत सुनेचे डोळे सुजायला दोनच कारणं असतात, नवरा नाहीतर सासू. तिसरं कारण असू शकतं हे पटायला माझे पायही सुजावे लागले.

ज्यांच्या घरात असं कुणाचं तोंड सुजलं असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरी पुस्तकातलं मला काही येत नाही. माहेरी इंदापुरात सातवीपर्यंत शिकले, लिहिता येतं, आणि राग अजून गेलेला नाही. एवढ्या भांडवलावर लिहिते.

ज्याला त्याला नाव माहीत

लघवी लाल-काळसर व्हायला लागली, चहाचा चोथा उकळल्यासारखी. हे सांगायचं कुणाला? चार दिवस लाजेनं गप्प राहिले. शेवटी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या उष्णता, आणि धन्याजिऱ्याचं पाणी सुरू केलं. शेजारीण म्हणाली नजर लागली. मामंजी, म्हणजे सासरे, ज्यांना गाव तात्या म्हणतं, म्हणाले पानमळ्यात ओल्यात उभं राहून वात भरलाय. जो तो येऊन आजाराचं बारसं करून जात होता आणि मी दिवसेंदिवस फुगत होते.

शेवटी ह्यांनी बैलगाडी जुंपली आणि इंदापूरच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. ते बघून ह्यांनी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी विचारलं, मागं घसा धरला होता का, अंगावर फोड आले होते का? थंडीभर आमच्या घरात खरूज होती. पानवेलींना पाणी देताना पाय सतत ओले, खाजवून खाजवून माझ्या दोन्ही पोटऱ्या पिकल्या होत्या.

"त्याचंच विष आत गेलंय," ते म्हणाले. "मूत्रपिंडाला दाह झालाय. बहुतेक बरा होतो. अंथरुणातून उठायचं नाही, आणि मीठ पूर्ण बंद."

'बहुतेक बरा होतो' हे तीन शब्द मी घरी येईपर्यंत गाडीत मनात घोकत होते.

मग पडून राहणं सुरू झालं. तुम्हाला वाटेल, काय मजा, सुनेला पलंग. अहो, मजा कसली! घरातलं प्रत्येक भांडं आपटलं की वाटायचं माझ्यावरच आपटलं. बघायला येणाऱ्या बायका उशाशी बसून अशाच दुखण्यानं गेलेल्यांच्या गोष्टी सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, "तू काळजी करू नगंस." त्या काळात मिठासाठी माणसं तुरुंगात जाऊन आली होती, आणि मला घरच्या गाडग्यातलं मीठ मिळत नव्हतं. आत्याबाई माझं जेवण वेगळं रांधायच्या. माझ्या भाजीला स्वतंत्र पातेलं, स्वतंत्र पळी. तेवढी काळजी सख्ख्या आईनं घेतली नसती. आई माझी लहानपणीच गेली, वडीलही नाहीत, एक भाऊ सोलापूरच्या गिरणीत, त्याच्या एका खोलीत सहा माणसं. म्हणजे परत जायला मला दार नव्हतं. हे इथंच सांगून ठेवते, पुढं कळायला बरं.

सूज काही उतरेना. पाय जरा बारीक व्हायचे की परत तोंड फुगायचं. महिना गेला, त्यावर आणखी काही दिवस गेले. मग सर्व्हिस मोटारीनं आम्ही बारामतीला दवाखान्यात गेलो.

बघू

बारामतीचे डॉक्टर वयस्क होते, बोलायला तुसडे. रोज सकाळी कंपाउंडर माझी लघवी काचेच्या नळीत घ्यायचा आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचा. नळीतलं पाणी दूध फाटावं तसं पांढरं व्हायचं. ते सगळ्यांसमोर, खाटांच्या मधून हातात धरून न्यायचा. पहिल्या दिवशी मी तोंडावर पदर घेतला. नंतर नंतर मीच मान उंच करून बघायला लागले, आज किती फाटलंय. कमरेवर अळशीचं गरम पोटीस, सकाळी उठल्याबरोबर ग्लासभर विलायती मीठ, म्हणजे जुलाबाचं औषध, कडू जहर. ते पिऊन दिवसभर पळापळ, आणि वर डॉक्टरांचा हुकूम, हलायचं नाही. आता काय करायचं माणसानं?

ह्यांनी एकदा धीर करून डॉक्टरांना विचारलं, "हिला झालंय तरी काय नेमकं?"

डॉक्टर त्या दिवशी जरा बऱ्या मनःस्थितीत असावेत. म्हणाले, "मूत्रपिंड म्हणजे गाळणी. तिचा दाह एकाच जातीचा नसतो. जात ओळखायला दोन प्रश्न. कशामुळे झाला, आणि आत काय मोडलं. पहिल्याचं उत्तर हिच्या पोटऱ्यांवर आहे, खरूज. दुसऱ्याचं आत आहे. एका जातीत गाळणी नुसती सुजते, कारण गेलं की उतरते. दुसरीत सुजून सुजून आकसते, वाळते, ती पुन्हा येत नाही. तिसरीत गाळणीची भोकं मोठी होतात आणि रक्तातलं सत्त्व गळून जातं. पहिलीला दूध-डाळ कमी द्यायची, तिसरीला भरपूर. उलट केलं तर माणूस जायचं."

"मग हिची कुठली?"

"आत मला दिसत नाही. लघवी बघायची, सूज बघायची, पथ्यानं काय फरक पडतो ते बघायचं, आणि अंदाज करायचा. बघू."

हे म्हणाले, "पानवेलीगत झालं म्हना की. वेल वरनं मलूल दिसती. मूळ कुजलं का नुसतं पानी कमी पडलं, त्ये उकरल्याबिगर कळत न्हाय. आन उकरली की वेल जाती."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

मला मात्र संताप आला. अहो, मी काय पानवेल आहे? मी शुद्धीवर पडले होते, तोंडात जीभ होती. मला कुणी एक अक्षर विचारलं नाही. 'बघू' हा शब्द त्या दवाखान्यात मी इतक्यांदा ऐकला की मला अजूनही कुणी 'बघू' म्हटलं की अंगावर काटा येतो.

एक सुख होतं तिथं. दवाखान्याच्या मागं पत्र्याची शेड होती, रोग्यांची माणसं तिथं तीन दगड मांडून रांधायची. आत्याबाई तिथं बसायच्या आणि गरम भाकरी पदराखाली झाकून आणायच्या. भूक नसली तरी ती वाफ तोंडावर आली की बरं वाटायचं.

खिडकीबाहेर

त्या आठवड्यात मामंजी पानांच्या गाडीबरोबर बारामतीला आले. डॉक्टर फेरीला आले तेव्हा ते माझ्या पायथ्याशी तंबाखू मळत उभे होते. आत्याबाई तेव्हा शेडमध्ये होत्या. डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला, खड्डा बघितला आणि मान हलवली.

"इतके दिवस मीठ बंद आहे, तरी सूज हलत नाही. म्हणजे नुसता ताजा दाह राहिलेला नाही. जुनाट जातीत गेलाय असं धरून चला. आता मूल होऊ देणं हिच्या जिवाला धोक्याचं."

मामंजींचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. ते माझ्याशी बोलले नाहीत. ह्यांना खूण करून बाहेर गेले आणि नेमके माझ्या खाटेच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"बावड्याची मानसं चांगली हायेत. पोरगी म्या बघून ठिवलीय. दुवादशीला जाऊन सुपारी फोडतो."

ह्यांचा आवाज आला नाही.

"हिला काय घालवून द्यायची न्हाय आपल्याला," मामंजी म्हणाले. "खाईल, पिईल, पडून ऱ्हाईल."

लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं, हे मला माहीत होतं. पण 'पडून ऱ्हाईल'! दारातल्या म्हाताऱ्या बैलाबद्दलसुद्धा मामंजी याहून मायेनं बोलायचे. मी भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी मात्र खरंच रडले, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण डोळे आधीच सुजलेले.

हे आत आले तेव्हा मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"मला इचारलं कुनी?"

"न विचारता न्हाय म्हणता येत न्हाय व्हय तुम्हाला?"

ते पायांकडं बघत राहिले. वाईट माणूस नव्हे, पण बापापुढं त्यांची जीभ टाळूला चिकटायची. आत्याबाईंना मी काही सांगितलं नाही. सांगून त्या तरी काय करणार, असं वाटलं. इथंच माझा हिशेब चुकला.

एकादशी

एकादशीला आत्याबाईंनी दोघींसाठी भगर केली, बरोबर बटाटा. मी पहिला घास घेत होते तेवढ्यात डॉक्टर आले. आत्याबाईंनी त्यांना सोडलंच नाही. "एकादशी हाय डाक्टर. दोन घास तरी घ्या, नगं म्हनू नगा." डॉक्टर वैतागले होते, पण म्हातारीचा हात पुढं आलेला. त्यांनी उभ्यानंच चिमूटभर भगर तोंडात टाकली आणि त्यांचं तोंड हलायचं थांबलं.

"आजी, यात मीठ आहे."

"न्हाय वो. मीठ कसं आसंल? एकादशी हाय आज."

"मग खारट कशानं लागतंय?"

"सैंधव हाय त्ये. उपासाला चालतं."

"हिच्या जेवणात रोज घालता?"

"मग! पोरगी आळनी घास कसा गिळंल? इंदापूरच्या डाक्टरनं मीठ बंद म्हनलं, त्या दिसापासनं हिच्या ताटात मिठाचा खडा पडू दिला न्हाय म्या. निसतं सैंधव."

डॉक्टर शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसले. म्हणाले, "आजी, सैंधव म्हणजे मीठच."

"आसं कसं?" आत्याबाई खरोखर चकित झाल्या. "मीठ आसतं तर उपासाला चाललं आसतं का?"

आत्याबाईंनी पुढचं विचारलं, "आन तुमी रोज सकाळी हिला इलायती मीठ पाजता, त्ये चालतं व्हय?"

"ते वेगळं मीठ."

"मग आमचं बी येगळंच हाय की!"

हसावं का डोकं आपटून घ्यावं मला कळेना. आम्ही अडाणी म्हणून हे झालं असं कुणी म्हणू नका. मी सातवी शिकलेली, रोज ते खात होते, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. सैंधव हे मीठ आहे हा विचार आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता. आमच्याकडंही जाती लावून ठेवलेल्या आहेत. मिठानं उपास बाटतो, सैंधवानं बाटत नाही. म्हणजे ते मीठ नव्हे, संपलं. डॉक्टरांनी आपल्या जातींवरून माझा दाह जुनाट ठरवला, आम्ही आमच्या जातींवरून सैंधव निर्दोष ठरवलं, आणि मधल्या मधे माझ्या उरावर सवत येऊन बसत होती.

मग मी बोलले. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. "डॉक्टर, रोज माझी लघवी उकळून बघितलीत. एक दिवस माझं ताट चाखून बघितलं असतं तर? मीठ बंद आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही विचारलं कुणाला?"

मला वाटलं, आता डॉक्टर मला घरी पाठवतात. पण डॉक्टर म्हणाले, "खरं आहे. जुनाट म्हणालो ते मागं घेतो. आजपासून पुन्हा पहिल्यापासून. मीठ नाही, सैंधव नाही, पादेलोण नाही, पापड नाही, लोणचं नाही. मग बघू."

"बघायला वेळ कुठं आहे?" मी म्हटलं. "उद्या द्वादशी."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "दुवादशीचं काय?"

मग मला सांगावंच लागलं. खिडकीखाली ऐकलेलं सगळं सांगितलं, 'पडून ऱ्हाईल'सकट. त्या ऐकत होत्या आणि हातातलं पातेलं पदरानं पुसत होत्या. पुसून झालं तरी पुसत होत्या.

"म्या सवतीवर आलेली हाय," त्या म्हणाल्या. "ती बी अशीच आजारी हुती. कोपऱ्यात पडून माझ्या हातची भाकरी खायची आन माझ्याकडं बघायची." एवढं बोलून त्या उठल्या.

आळणी घर

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या मोटारीनं त्या निमगावला गेल्या. पुढचं मला पानांची गाडी घेऊन येणाऱ्या भिवानं सांगितलं. तो हे सांगताना मध्ये मध्ये हसून खाली बसायचा.

मामंजी पटका बांधून निघायच्या तयारीत होते. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. "जाऊ नगा. सैंधव म्या घातलं, म्हून सूज उतरली न्हाय. चूक माझी हाय, पोरीची न्हाय."

"डाक्टर आज ह्ये म्हनतो, उंद्या त्ये म्हनंल," मामंजी म्हणाले. "दार आडवू नगंस."

आत्याबाई बाजूला झाल्या. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, मिठाचं गाडगं उचललं, सैंधवाचा खडा घेतला, लोणच्याची बरणी काखेला मारली आणि सगळं नेऊन उकिरड्यावर पालथं केलं. परत येऊन म्हणाल्या, "सारजा मीठ खाईल त्या दिशी ह्या घरात मीठ यील. तवर सुपारी फोडायची आसंल तर खुशाल फोडा. पर पावन्यांच्या पंगतीला आळनीच वाढीन."

आळणी पंगत! मामंजींसारखा माणूस, ज्यांच्या पानांना बारामतीच्या बाजारात नाव, त्यांच्या दारात पाहुणे आळणी जेवणार! ते पटक्यासकट ओट्यावर बसले. बावड्याला निरोप गेला, जरा थांबा.

त्यांना वाटलं दोन दिवसांत म्हातारी ताळ्यावर येईल. ती येईना. ते शेजारी जेवायला गेले, तर शेजारणीनंही आळणीच वाढलं. आत्याबाई तिला आधीच सांगून आल्या होत्या. भिवा म्हणाला, "एक दिस तात्या चुलीपाशी जाऊन हळूच इचारत्यात, आगं, सैंधव तरी चालंल का? तर आत्याबाईनी आसं बघितलं, तात्या उठूनच गेलं."

मी पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

इकडं बारामतीला माझं रांधायला हे राहिले. शेडमधल्या बायका त्यांच्या भाकऱ्या बघून पदर तोंडाला लावायच्या. एक बाजू जळलेली, दुसरी कच्ची. वर मिठाचा कण नाही. असं वाटायचं, शेणी खाते आहे. पण ते रोज न चुकता स्वतःच्या ताटातही तेच घ्यायचे आणि माझ्यासमोर बसून गिळायचे. एका दुपारी घास हातात धरून म्हणाले, "आता आबानं इचारलं न्हाय तरी न्हाय म्हनून सांगीन." बापाला ते आबा म्हणायचे. मी म्हटलं, "आता आत्याबाईंनी सांगून झालंय." ते ओशाळले. माझा राग लगेच गेला असं नाही. पण पुढची भाकरी मी मागून घेतली.

सूज उतरायला लागली ती आधी कळली पायाच्या बोटांत. घट्ट बसलेली जोडवी एका सकाळी गोल फिरली. मी ती दिवसभर फिरवत बसले. मग लघवी भरपूर व्हायला लागली, तिचा रंग निवळला. कंपाउंडरची नळी उकळून उकळून स्वच्छ राहायला लागली. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, कातडी लगेच वर आली. त्यांनी दोनदा दाबून बघितलं.

"पहिली जात," ते म्हणाले. "निदान आता मला तसं वाटतं."

"निदान?" मी म्हटलं.

"पहिली जात," ते पुन्हा म्हणाले, आणि तो तुसडा माणूस हसला. मूल? वर्षभर थांबा, मग हरकत नाही. मीठ? आणखी काही महिने नाही.

मी घरी आले. ते काही महिने मामंजींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. बावड्याची माणसं थांबून थांबून कंटाळली आणि त्यांनी मुलगी दुसरीकडं दिली. तिचं नाव मला अजून माहीत नाही. तिला तरी कुणी विचारलं होतं?

जाता जाता एकच सांगते. डॉक्टर 'हे बंद' म्हणाले की त्याच्या भावंडांचीही नावं घेऊन विचारा, लाजू नका. आणि डॉक्टरांनीही ताटात काय पडतंय ते विचारावं. आजार कुठल्या जातीचा हे ठरवताना चुलीपाशी कोण बसलंय हेही बघावं लागतं.

डॉक्टरांनी मीठ सुरू करायला सांगितलं त्या दिवशी आत्याबाईंनी बाजारातून मीठ आणवलं. गाडगं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "आज कालवन तू कर. तुझ्या हातानं घाल." मी वांग्याचं कालवण केलं. मूठ भरली. डॉक्टर म्हणाले होते बेतानं, म्हणून माझं वाटीभर आधी चिमूटभर टाकून वेगळं काढलं. मग पातेल्यात मूठ सोडली, आणि 'खाईल, पिईल, पडून ऱ्हाईल' आठवून वर आणखी थोडं टाकलं.

मामंजींना पहिलं वाढलं. त्यांनी घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. ह्यांनी चव घेतली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "लई पडलंय."

"पडू दे," मामंजी म्हणाले, आणि वाटी माझ्याकडं पुढं केली. "पोरी, आजून वाढ."